सासूबाई मुद्दाम करत नाहीत : विसराळूपणा आणि लघवीवरचा ताबा

प्रश्न बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका सूनबाईंचा आहे. सासूबाई ७९ वर्षांच्या. दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं, म्हणजे विस्मरणाच्या आजाराचं, निदान झालं आणि त्यासाठी डोनेपेझिल ही गोळी सुरू झाली. घरातल्यांना ओळखतात, आपल्या हातानं जेवतात, सकाळी पोथी वाचतात. पाच महिन्यांपूर्वी डोनेपेझिल ५ वरून १० मिलिग्रॅम केली. त्यानंतर काही दिवसांतच लघवी कपड्यात व्हायला लागली. त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिली. तेव्हापासून गोंधळ वाढला, तोंड कोरडं पडतं, शी चार-चार दिवस होत नाही. लघवीच्या तपासणीत जंतू निघाले म्हणून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक पडला नाही. रात्रीचं पाणी घरच्यांनी बंद केलं आहे. यजमान म्हणतात, "आई मुद्दाम करते, पाच मिनिटांपूर्वी विचारलं तर नाही म्हणाली." कायमचा डायपर लावावा का, लघवीची नळी घालावी का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी यजमानांचं उत्तर देते, कारण घरात रोज कटकट होत असेल तर पुढचं काहीच नीट होत नाही. सासूबाई मुद्दाम करत नाहीत. पाच मिनिटांपूर्वी त्या 'नाही' म्हणाल्या तेव्हा त्यांना खरंच जाणवलं नव्हतं. जाणवलं तेव्हा हातात वेळ उरला नव्हता.

लघवीची पिशवी म्हणजे स्नायूंचा फुगा. साधारण दीडशे-दोनशे मिलिलिटर साठलं की पहिली जाणीव होते, आणि चारशे-पाचशेपर्यंत धडधाकट माणूस धरू शकतो. पिशवी आवळून रिकामी करायचं बटण मेंदूच्या देठात असतं. ते आत्ता दाबायचं की थांबायचं, हे ठरवतो कपाळामागचा मेंदू. तान्ह्या बाळाचा तो भाग अजून तयार नसतो, म्हणून पिशवी भरली की सुटते. दोन-तीन वर्षांचं मूल 'थांब' म्हणायला शिकतं आणि पुढे सत्तर वर्षं आपण ते नकळत म्हणत राहतो. विस्मरणाच्या आजारात ही वरची देखरेख सैल पडते. त्यातच वयानं पिशवीत मावतं कमी आणि ती मधूनच आपोआप आवळते. त्यामुळे पहिली जाणीव आणि कपडे ओले होणं यांत पूर्वी अर्धा तास मिळायचा, तिथे आता दोन मिनिटं मिळतात.

त्या दोन मिनिटांत किती कामं करायची असतात ते पाहा. पोटातली ही अस्वस्थता लघवीची आहे हे कळायला हवं, संडास कुठे ते आठवायला हवं, खुर्चीतून उठायचं, तिथवर चालायचं, दिवा लावायचा, साडी सावरायची, परकर वर घ्यायचा, मगच बसायचं. यातली एक कडी तुटली तरी आपण एकच नाव देतो : 'ताबा गेला'. मी बडोद्यात गेली सव्वीस वर्षं म्हाताऱ्या माणसांचे आजार पाहते आहे. असं 'ताबा गेला' म्हणून आणलेल्या कित्येकांची पिशवी बऱ्यापैकी ठीक असते. कडी दुसरीकडेच तुटलेली असते.

दांडिया बाजारातल्या एका आजी आठवतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) एके काळी दर आठवड्याला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन पुस्तक बदलून आणणाऱ्या. आयुष्यभर बाजारात, शेजारी गुजराती अगदी सफाईनं बोलल्या. आजार वाढला तशी ती भाषा मागे पडली आणि माहेरची मराठी तेवढी राहिली. दुसरी बोली आधी विरते, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. सांभाळायला ठेवलेली आया गुजराती, मनापासून काम करणारी. ती दर तासाला विचारायची, "बा, बाथरूम जवुं छे?" आजी म्हणायच्या, "नाही." मग थोड्या वेळानं पदर चाळवत, उठबस करत म्हणायच्या, "परसाकडे जायचंय." आयाला वाटायचं आजींना गॅलरीत जायचंय, तिथल्या कुंड्या पाहायच्यात. ती त्यांना हाताला धरून गॅलरीत न्यायची आणि आजी तिथे उभ्या उभ्या भिजायच्या. वाड्यातला संडास मागल्या अंगणाच्या टोकाला होता, आणि आजींच्या तोंडी एकी असो की दुकी, दोन्हीला शब्द तोच : परसाकडे. मी आयाला तो एक शब्द शिकवला आणि 'पदर चाळवायला लागल्या की काही न विचारता घेऊन जायचं' एवढं सांगितलं. दिवसाचे ओले कपडे चार-पाच वेळांवरून एकदोनदावर आले. गोळी एकही वाढवली नाही.

तुमच्या सासूबाई लघवीला कोणता शब्द वापरतात, आणि त्याआधी काय करतात (उशी दाबतात, येरझाऱ्या घालतात, एकदम गप्प होतात) ते दोन-तीन दिवस टिपा. 'लघवी लागली का?' या प्रश्नाला बहुतेक वेळा 'नाही' हेच उत्तर येणार, कारण हा प्रश्न त्यांच्या वयाच्या बाईला लाजवणारा आहे. त्यापेक्षा "आई, चला, जेवायच्या आधी जरा जाऊन येऊ," असं म्हणा.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. अल्झायमरमध्ये लघवीवरचा ताबा सहसा आजार बराच पुढे गेल्यावर सुटतो. माणसं ओळखणाऱ्या, हातानं जेवणाऱ्या, पोथी वाचणाऱ्या बाईचा ताबा सुटला तर मी 'आजार वाढला' यावर समाधान मानत नाही, दुसरं कारण शोधते. ते कारण तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, फक्त ओघात. डोनेपेझिलचा डोस वाढला आणि काही दिवसांत त्रास सुरू झाला.

डोनेपेझिल मेंदूतलं अ‍ॅसिटाइलकोलीन टिकवून धरते. आठवणींच्या कामात ते रसायन लागतं. पण लघवीच्या पिशवीला आवळायचा हुकूम देणारं रसायनही तेच. म्हणून काही जणांना या गोळीनं, आणि त्याच जातीच्या रिव्हास्टिग्मिन आणि गॅलेंटामिननंसुद्धा, लघवीची घाई होते, कपडे ओले होतात. ऑक्सिब्युटिनिन नेमकं उलट करते : तेच रसायन अडवते. पिशवी शांत होते, पण गोळी मेंदूतही शिरते. तिथे विसराळूपणा आणि गोंधळ वाढवते, शिवाय लाळ आटवते, आतडी सुस्त करते. म्हणजे सकाळी एक गोळी खिडकी उघडते आणि रात्री दुसरी ती लावून घेते. गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजून दुसरी गोळी, तिच्यासाठी तिसरी, अशी साखळी लागते. नेमक्या या जोडगोळीबद्दल कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. डोनेपेझिलच्या जातीची औषधं घेणाऱ्या वृद्धांना ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या इतरांपेक्षा जास्त लिहून दिल्या जातात, असं त्यात दिसलं. दोन डॉक्टर वेगवेगळे असले आणि दोघांसमोर पूर्ण चिठ्ठ्या नसल्या की हे सहज घडतं. सुरुवातीच्या काळात माझ्याही हातून घडलं आहे, म्हणून आता प्रत्येक पेशंटला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगते.

तुम्ही स्वतः मात्र काही बंद करू नका. याच आठवड्यात डोनेपेझिल देणाऱ्या डॉक्टरांना भेटा आणि दोनच प्रश्न विचारा : डोस पुन्हा ५ वर आणता येईल का, आणि ऑक्सिब्युटिनिन थांबवता येईल का. पिशवीसाठी औषध लागलंच तर मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेनं काम करते, मेंदूतलं ते रसायन अडवत नाही. पण तिनं रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा दाब मोजून आणि लक्ष ठेवूनच द्यावी लागते.

मेंदूला धुकं आणणाऱ्या गोळ्या घरात आणखीही असतात, कोणाच्या लक्षात येत नाहीत. सर्दीच्या गोळीतली क्लोरफेनिरामिन, पोटात मुरडा आला की घेतलेली डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा पाय दुखतात म्हणून दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, हात थरथरतो म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेकटी लहान वाटते, पण बेरीज होते. झोपेच्या गोळीनं रात्री जाग येत नाही, आणि आली तर तोल जातो.

कोणतीही नवी गोळी ठरण्याआधी एक तपासणी करून घ्या : लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते, त्याची सोनोग्राफी. शंभर मिलिलिटरच्या आत असेल तर चिंता नाही. दोनशेच्या वर गेलं तर पिशवी नीट रिकामी होत नाहीये. अशी तुंबलेली पिशवी काठोकाठ भरलेल्या रांजणासारखी वरच्यावर सांडत राहते, आणि घरच्यांना वाटतं लघवी 'जास्त' होते. त्यावर ऑक्सिब्युटिनिन दिली तर लघवी पूर्ण अडू शकते. ही तपासणी पुष्कळदा चुकीच्या रीतीनं होते, तेव्हा तिथे सावध राहा. सोनोग्राफीवाले लिटरभर पाणी प्यायला सांगून तासभर बसवून ठेवतात. पिशवी नको इतकी ताणली जाते, मग अनोळखी संडासात, बाहेर रांग लागलेली असताना, म्हाताऱ्या बाईला धड होत नाही आणि आकडा भलताच मोठा येतो. नेहमीइतकंच पाणी द्या, त्यांना निवांत बसू द्या आणि दहा मिनिटांत मोजून घ्या.

शी चार-चार दिवस होत नाही, हे मला लघवीइतकंच महत्त्वाचं वाटतं. कडक झालेला मळ गुदाशयात साठला की तो पुढच्या पिशवीवर दाबतो. त्यानं लघवी तुंबतेही आणि गळतेही, शिवाय माणूस चिडचिडा आणि गोंधळलेला होतो. बरेचदा आधी पोट साफ करून घेतलं की लघवीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. कधी कधी मळ अडकलेला असून बाजूनं पातळ शी झिरपते. तेव्हा जुलाब समजून बंद करणारी गोळी देऊ नका.

आता जंतू. उतारवयात बायकांच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू सापडणं फार सामान्य आहे. वृद्धाश्रमात राहणाऱ्या बायकांमध्ये तर पाव ते निम्म्या बायकांच्या तपासणीत ते निघतात. ताप, थंडी, लघवी करताना जळजळ, कमरेच्या वर दुखणं, रक्त यातलं काहीच नसेल तर नुसत्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक देऊ नये. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली स्पष्ट सांगितलं : वृद्ध माणूस गोंधळला आहे, लघवीत जंतू आहेत, पण लघवीचा त्रास किंवा ताप नाही, तर आधी गोंधळाची इतर कारणं शोधा. दोन कोर्सनी फरक पडला नाही, यावरूनच दिसतं की ते जंतू बहुधा गुन्हेगार नव्हते. तिसरा कोर्स मागू नका.

बदल किती वेगानं झाला, हे मी प्रत्येकाला विचारते. दोन-तीन दिवसांत एकदम झाला तर संसर्ग, तुंबलेली लघवी, नवी गोळी, रक्तातलं सोडियम घसरणं, कधी लहानसा पक्षाघात. काही आठवड्यांत वाढत गेला असेल तर महिना-दीड महिन्यापूर्वी आई पडल्या होत्या का, हे आठवा. म्हातारपणी डोक्याला लागलेला किरकोळ मारही कवटीखाली हळूहळू रक्त साठवू शकतो आणि ते सीटी स्कॅनमध्ये कळतं. चालणं आधी बिघडलं असेल, पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलत नसतील, मागून विसराळूपणा आणि लघवीचा त्रास आला असेल, तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा आजार डोळ्यासमोर ठेवावा लागतो. हकीम आणि अ‍ॅडम्स यांनी १९६५ साली त्याचं वर्णन केलं. पाठीतून थोडं पाणी काढून चालण्यात फरक पडतो का ते पाहतात, आणि योग्य पेशंटमध्ये नळी बसवून ते पाणी पोटात वळवलं की चालणं तर सुधारतंच, कधी लघवीही सावरते. तुमच्या सासूबाईंचं चालणं तुम्ही लिहिलं नाही, ते जरूर पाहा. सोबत बी-१२, थायरॉइड, सोडियम आणि साखर तपासून घ्या. मधुमेहाची गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या जातीची असेल (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) तर लघवी वाढणारच, आणि खाली खाजही सुटते.

एक गोष्ट बाईमाणूस म्हणून विचारते. खाली कोरडं पडून आग होते का, अंग बाहेर येतं का? सासूबाई मुलाला हे कधीच सांगणार नाहीत, तुम्हालाही अंघोळ घालताना दिसलं तरच कळेल. दोन्हीवर उपाय आहेत. कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानं लावलं तर घाई कमी होते आणि वारंवारचे संसर्गही. मी पाहिलेल्या बायकांपैकी निम्म्यांना तरी आधी कोणी तपासलेलंच नसतं, फक्त गोळ्या बदललेल्या असतात.

पाणी बंद करू नका. बडोद्याचा मे महिना चाळिशी ओलांडतो. पाणी तोडलं की लघवी दाट होऊन पिशवीला झोंबते, शी आणखी कडक होते, सोडियम बिघडतं, भ्रम होतो. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन नसेल तर दिवसभरात सुमारे दीड लिटर द्या, पण त्यातलं बरंचसं संध्याकाळी सहाच्या आत. ताक, सरबत, पन्हं दुपारी. चहा चारनंतर नको. रात्रीच्या कढी-भाताचं, पेजेचं पाणीही मोजा, ते आपण विसरतो. पायाला सूज असेल तर ते पाणी आडवं झाल्यावर रात्री लघवीत उतरतं, म्हणून दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडू द्या. दाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर सूज तिचीही असू शकते, डॉक्टरांच्या कानावर घाला. लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिची वेळ सकाळची आहे ना, तेही पाहा.

तीन दिवस एक वही घाला. किती वाजता गेल्या, कपडे कोरडे होते की ओले, शी झाली का, काय प्यायल्या. जमलं तर मापाच्या मगनं किती झाली तेही. त्यातून त्यांचं घड्याळ दिसतं. कोणाला जेवणानंतर वीस मिनिटांनी, कोणाला चहानंतर तासानं. त्या वेळेच्या आधी न्यायचं, बाकी दिवसा दर दोन तासांनी. कोरडे कपडे दिसले की "बरं झालं आई" एवढं म्हणायचं, ओले दिसले की काहीच नाही बोलायचं. रात्री पलंगाशेजारी खुर्चीचा कमोड आणि संडासापर्यंत मंद दिवा. रात्रीच्या त्या अंधाऱ्या चार पावलांत खुबे मोडतात. संडासाचं दार भिंतीच्याच रंगाचं असेल तर त्यांना ते दिसतच नाही. दारावर मोठं चित्र लावा किंवा रंगीत पडदा, आणि दिवसा दार उघडं ठेवा. परकराची नाडी काढून इलॅस्टिक घाला. ओली गाठ सुटत नाही, म्हणून कितीतरी बायका दारात उभ्या उभ्या भिजतात.

डायपर वाईट नाही. रात्री, दवाखान्यात जाताना, लग्नाकार्यात जरूर लावा. पण दिवसभर लावला की घरातले न्यायचं विसरतात आणि काही आठवड्यांत उरलीसुरली सवय जाते. तीन-चार तासांनी बदला, कोमट पाण्यानं धुऊन टिपून कोरडं करा, झिंकचं मलम लावा, पावडर नको. नळी मात्र सोयीसाठी घालू नका. गोंधळलेला माणूस आतला फुगा फुगलेला असताना ती ओढून काढतो, रक्तस्राव होतो, आणि नळीचा संसर्ग खरा संसर्ग असतो. लघवी तुंबून दुसरा इलाज नसेल किंवा पाठीची जखम सतत भिजत असेल, तरच तिचा विचार.

पोथी वाचतात असं लिहिलंत म्हणून आणखी एक. काही आजींनी देवापुढे बसणं सोडलं, ते आठवत नाही म्हणून नव्हे. कपडे ओले, सोवळं मोडलं, देवाला कसं शिवायचं, या दुःखानं. विचारलं तर सांगत नाहीत, ओला परकर कपाटात साड्यांच्या घडीखाली दडवून ठेवतात. असा कपडा सापडला तर त्यांच्यासमोर बाहेर काढू नका. पूजेच्या अर्धा तास आधी संडासात बसवा, स्वच्छ वस्त्र नेसवा आणि लगेच पाटावर बसवा. तो अर्धा-पाऊण तास बहुतेकदा कोरडा जातो, आणि त्यांचा दिवस त्यावरच निभावतो.

सहा-आठ तास लघवी नाही आणि ओटीपोट फुगलं आहे, थंडी वाजून ताप, लघवीत रक्त, एकदम गुंगी, एका बाजूची ताकद गेली, किंवा पडल्यानंतर झोपाळूपणा, यातलं काही झालं तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एरवी डॉक्टरांकडे जाताना ती वही, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी (मेडिकलमधून आणलेल्या सुट्या पट्ट्यांसकट) आणि डोनेपेझिल १० मिलिग्रॅम झाली त्या दिवसाची चिठ्ठी सोबत घ्या. चिठ्ठी सापडली नाही तर मेडिकलवाल्याच्या बिलावर तारीख मिळेल. यजमानांनाही बरोबर न्या.